नदीला भरती येईपर्यंत

५ ऑगस्ट, सोमवार. तारावा.

आजपासून रोजनिशी. मुलीच्या लग्नाच्या धांदलीत घरात एक तरी माणूस शांत डोक्याचा असावा लागतो. तो मी आहे, हे कुठेतरी लिहून ठेवलेलं बरं. घरात कोणी तसं म्हणत नाही.

तेबोराचं लग्न १७ तारखेला, फिजीत. मुलगा वाईसेआ, तिथल्याच एका गावातला शाळामास्तर. मुलगा चांगला आहे. दोष एकच, डोंगरातला आहे. त्याच्या गावातून समुद्र दिसत नाही म्हणे. मग ही माणसं सकाळी उठून बघतात तरी कशाकडे?

योजना अशी. लग्न त्यांच्या गावी होऊ दे, मानपान त्यांचा. पण लग्नानंतर दोघांनी इथे तारावा बेटावर येऊन राहायचं, आपल्या अंगणात. तेबोरा नर्स आहे, इथे नर्स हवीच असते. शाळाही इथे आहेच. हे सगळं मी व्याह्यांशी स्वतः बोलणार. पुरुषांपुरुषांत.

कातारिना म्हणाली, त्यांना आपली भाषा येत नाही, तुम्हाला त्यांची येत नाही. बोलणार काय डोंबल? मी म्हटलं, बाई, वीस वर्षं जर्मन कंपनीच्या जहाजावर काढली आहेत. मला सहा भाषांत 'इंजिन बंद कर' म्हणता येतं. ती म्हणाली, मग तेवढंच बोला.

बायकोला नवऱ्याची किंमत परदेशात गेल्यावर कळते. कळेल.

७ ऑगस्ट, बुधवार.

सकाळचा चहा खारट. कातारिना म्हणते विहीर गेली. विहीर कुठे जाणार? फेब्रुवारीत समुद्र स्वयंपाकघरापर्यंत आला होता, त्याचा थोडा परिणाम. आला तसा गेला की नाही? पातेली तेवढी शेजाऱ्याच्या दारात जाऊन बसली होती, ती त्याने आणून दिली. मागचा अळू लावलेला खड्डाही पिवळा पडला आहे. सुधारेल.

पाणी येतं, पाणी जातं. माझे आजोबा हेच म्हणायचे आणि ते सत्त्याण्णव वर्षं जगले.

तेबोराचा फिजीतल्या सुव्याहून फोन. म्हणाली, बाबा, लग्नानंतर तुम्ही दोघं इकडेच थोडे महिने राहा ना. मी विषय बदलला. मुलीला वाटतं बापाला काही कळत नाही. बापाला सगळं कळतं, म्हणूनच तो विषय बदलतो.

१० ऑगस्ट, शनिवार. सुवा.

विमानात खिडकी मला, सामान कातारिनाला.

तेबोरा विमानतळावर आली होती. बारीक झाली आहे. मी तसं म्हटलं तर म्हणाली, बाबा, तुमचा चष्मा कुठे आहे? चष्मा तारावात राहिला.

१२ ऑगस्ट, सोमवार. वाईसेआचं गाव.

मला बोट लागत नाही. वीस वर्षांत एकदाही लागली नाही. आज डोंगर लागला. ट्रक वळणावळणाने वर चढत होता आणि पोट दर वळणावर मागे राहत होतं. शेवटी तेबोराने ट्रक थांबवला. मी उतरून थोडा वेळ देखावा बघितला, झुडपाच्या अगदी जवळून.

व्याही विलिकेसा. धिप्पाड. पुढचा एक दात नाही, तरी सारखा हसतो. विहीणबाई नाहीत, गेल्या. इंग्रजीचे त्याला तीन शब्द येतात: गुड, रग्बी आणि नो प्रॉब्लेम. मला वाटतं आमचं जमणार.

बैठक झाली. सुव्याच्या बाजारातून आणलेली कावाच्या मुळांची जुडी मी पुढे ठेवली. तेबोराने रस्त्यातच सांगून ठेवलं होतं की काही मागायचं असेल तर इथे आधी जुडी ठेवतात, मग मागतात. आणि सोयऱ्याने मागितलेलं इथे कोणी नाही म्हणत नाही, तेव्हा बाबा, जपून मागा. मी म्हटलं, हे तर फारच सोयीचं आहे. पण लगेच मागितलं नाही. जुडी मुरू दे आधी.

कावा, म्हणजे त्याच मुळांचं पाण्यात कालवलेलं पेय, करवंटीतून पितात. आधी टाळी, मग पिणं, मग पुन्हा टाळ्या. मी सगळ्या टाळ्या सुरुवातीलाच वाजवून मोकळा झालो. जीभ बधिर झाली. जीभ बधिर झाल्यावर त्यांची भाषा बरीच समजायला लागली. वाईसेआ मधे मधे इंग्रजीत सांगत होता, त्याला म्हटलं, राहू दे मास्तर, कशाला त्रास.

संध्याकाळी नदी पाहिली. गावाच्या पायथ्यालाच आहे. लहान आहे. हाम्बुर्गची नदी हिच्या दसपट असेल, ती मी इंजिनरूममधून चढून येऊन प्रत्यक्ष पाहिलेली आहे. तिथे पाणी दिवसातून दोनदा वर यायचं, दोनदा खाली जायचं. आज इथे पाणी जोरात खाली चाललं होतं. ओहोटी.

काठावर काठी रोवून आलो. आमच्याकडे शेंबडं पोरही हे करतं. काठी रोवायची, पाणी किती चढलं बघायचं. विलिकेसा बाजूला उभा होता. त्याने भुवया उंचावून विचारलं. मी काठीकडे बोट केलं, पाण्याकडे केलं, आणि समाधानाने मान हलवली. तो गंभीर झाला. दोन चुलतभावांना हाक मारून बोलावलं. तिघांनी काठीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. एकाने टाच मारून जमीन घट्ट आहे का ते बघितलं.

अभ्यासू लोक आहेत.

१३ ऑगस्ट, मंगळवार. सकाळी.

काठी जिथल्या तिथे. पाणीही. ओहोटी लांबली.

दुपारी.

तेच.

संध्याकाळी.

कारण सापडलं. इथे चंद्र डोंगराआडून उगवतो, म्हणजे उशिरा. म्हणून भरतीला उशीर. एकदा आली की मोठी येणार. काठी बुडून जाईल, म्हणून उपटून जरा वर, सपाट जागी, फणसाच्या झाडासारखं एक मोठं झाड आहे त्याच्या सावलीत रोवली. विलिकेसा धावत आला. ही जागा त्याला फारच पसंत पडलेली दिसली. माझे दोन्ही हात धरून हलवले. मग माझी काठी काढून तिथे चांगला जाड बांबू ठोकला. दगडाने ठोकला, खोल.

शिकतो आहे माणूस.

कातारिना दिवसभर बायकांबरोबर अळूच्या शेतात होती. कोपरापर्यंत चिखल घेऊन आली. म्हणाली, अहो, केवढी पानं! माणूस खाली बसला तर दिसत नाही. दहा वेळा तरी सांगितलं. मी म्हटलं, आपला खड्डाही सुधारेल. ती हात धुवायला निघून गेली.

जेवणात तीच पानं, नारळाच्या दुधात. नदीतली कोळंबी. चांगली होती, पण समुद्राचं अन्न नव्हे. उगीच गोडं गोडं लागतं.

१४ ऑगस्ट, बुधवार.

आज मोठी बातमी. उद्या विलिकेसा अळूचे कंद घेऊन खालच्या बाजाराला जाणार, बांबूच्या तराफ्यावरून. बिलीबिली म्हणतात त्याला. वाईसेआने विचारलं, बाबा, तुम्ही जाता का बरोबर? तेवढीच सहल. येताना ट्रकने या.

मी म्हटलं, ट्रकने का? तराफा आहे ना?

तर म्हणाला, तराफा परत येत नाही. खालीच सोडून देतात. कोणी डुकरांचं कुंपण करतं, कोणी जाळतं. पुढच्या वेळी नवा बांधायचा.

इतका चांगला तराफा! भरतीची वाट बघायचा कंटाळा, दुसरं काय. मी वाईसेआला नदी, चंद्र आणि हाम्बुर्ग समजावून सांगितलं. त्याने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, बाबा, आमची नदी फक्त खालीच जाते. मी हसलो. मास्तर माणूस, फळ्यापलीकडचं पाणी कधी पाहिलं आहे त्याने?

तो दुभाष्या म्हणून बरोबर यायला तयार होता. नको म्हटलं. जे बोलायचं आहे ते त्याच्याचबद्दल आहे.

संकल्प:
उद्या तराफ्यावर व्याह्यांशी बोलून दोघांचं तारावाला येणं पक्कं करायचं.
तराफा भरतीबरोबर परत वर आणायचा. उभं राहून. अख्ख्या गावादेखत. नवरी कुठल्या पाण्याची आहे ते यांना लग्नाआधी कळलेलं बरं. कोणी तिला डोंगरात आणून कमी लेखायला नको.

कातारिनाला दुसरा संकल्प वाचून दाखवला. म्हणाली, कपड्यांचा दुसरा जोड बरोबर घ्या.

१५ ऑगस्ट, गुरुवार. सकाळी, निघण्यापूर्वी.

कंपनीची जुनी टोपी घातली. पाणी अजून खालीच चाललं आहे. उत्तम. जाताना ओहोटी, येताना भरती.

त्याच दिवशी, खूप नंतर. बाजाराजवळ, कोणाच्या तरी घरी.

क्रमाने लिहितो.

तराफा म्हणजे वेलींनी बांधलेले बांबू. नुसते बांबू. शीड नाही, सुकाणू नाही, पुढचं टोक कुठलं आणि मागचं कुठलं हेही ठरलेलं नाही. मी पुढे बसलो. निघाल्यावर कळलं की मी मागे आहे. पहिल्या वळणावर तराफा फिरला आणि मी आपोआप पुढे आलो. मधे कंदांची पोती. विलिकेसा उभा राहून लांब काठीने रेटत होता आणि गात होता.

थोड्या वेळाने मी खुणेने सांगितलं, आण इकडे काठी. त्याने नाही अशी मान हलवली. मी पुन्हा मागितली. सोयऱ्याने दोनदा मागितलं, त्याचा इलाज नव्हता. दिली.

काठी तळाशी टेकवून जोरात रेटायचं, एवढंच काम. मी टेकवली. काठी तळात रुतली. तराफा पुढे गेला. मी काठी सोडली नाही, कारण खलाशी हातातली वस्तू सोडत नाही. त्यामुळे थोडा वेळ मी नदीच्या मधोमध काठीवर होतो. काठी उभी होती तोवर मीही होतो. मग दोघंही आडवे झालो.

विलिकेसाने कॉलर धरून वर ओढलं. तराफ्यावर पालथा पडून तो इतका हसला की कंदांचं एक पोतं नदीत गेलं, तेही त्यानेच पकडलं. टोपी मात्र पुढे निघून गेली. काही हरकत नाही, भरतीबरोबर येईल.

मग खळाळ लागला. खडक, फेस, आवाज. हा भाग मी डोळे मिटून आणि पोत्याला मिठी मारून पार केला. इंजिनरूममध्येही बाहेरचं काही दिसत नाही, आवाजावरूनच सगळं ओळखायचं असतं. आवाजावरून असं वाटलं की आपण मरतो आहोत. मेलो नाही. विलिकेसा म्हणाला, गुड. मी म्हटलं, नो प्रॉब्लेम.

पुढे वाळूच्या काठावर थांबलो. त्याने जाळ केला, कसावा नावाचा कंद भाजला. हीच वेळ, म्हटलं.

बोटाने वाळूत दोन माणसं काढली, हात धरलेली. एक घर काढलं. घराच्या बाजूने पाणी, चांगलं लाटांसकट. आणि माणसांकडून घराकडे जाणारा बाण. माणसांकडे बोट केलं, मग माझ्या छातीवर हात ठेवला: माझी मुलगी आणि तुझा मुलगा. मग बाणावरून बोट फिरवलं: तिकडे येऊन राहू देत. मग हात जोडले.

तो बराच वेळ चित्राकडे बघत राहिला. मग माझ्याकडे बोट केलं, आणि हातांनी चटई विणल्यासारखं केलं. कातारिना काल बायकांबरोबर चटई विणत होती. तिची संमती आहे ना, असं विचारत होता बिचारा. मी म्हटलं, अरे, ती तर केव्हाची मागे लागली आहे! आणि जोरजोरात मान हलवली. मग त्याने माझ्या घराशेजारी एक बांबू काढला. आमच्या मैत्रीची खूण. मी तोही पसंत केला.

तेव्हा त्याचे डोळे भरून आले. तोंड पुसलं, पोकळ हातांनी संथपणे टाळ्या वाजवल्या आणि मला मिठी मारली. ओल्या कपड्यांतून बराच वेळ सोडलं नाही. एकुलता मुलगा इतक्या लांब पाठवायचा म्हणजे बापाला जड जातंच. मलाही भरून आलं. मोठ्या मनाचा माणूस आहे. इतकं सहज मी दिलं नसतं.

पहिला संकल्प पूर्ण. हात धुताना नदीचं पाणी पिऊन पाहिलं. गोड. इतकं खाली येऊनही गोडच. या नदीचं काहीतरी चुकतं आहे.

बाजारात कंद उतरवले, विकले. विलिकेसा ट्रककडे बोट करून चला म्हणाला. मी तराफ्यावर बसून राहिलो. मी पाण्याकडे बोट केलं, वर आकाशाकडे, मग डोंगराकडे. त्याने ट्रककडे केलं. मी पाण्याकडे. बाजारातल्या बायका गोळा झाल्या. शेवटी त्याने स्वतःचं जाकीट काढून माझ्या खांद्यावर टाकलं, हातात भाजलेला कसावा दिला आणि ट्रकमध्ये चढला.

आणि मग, उन्हं कलताना, पाणी वर चढायला लागलं.

बोट बुडवून चाखलं. खारट! अगदी घरच्या चहासारखं. तराफा हलला आणि हळूहळू वरच्या दिशेने निघाला. मी उभा राहिलो. भरती, भरती, असं सहाही भाषांत ओरडलो असतो, पण त्या भाषांत मला इंजिन बंद करता येतं तेवढंच. आपल्या भाषेत ओरडलो. पुलाखालून गेलो. पुलावरच्या लोकांनी हात हलवले, मीही हलवला. काठावरून एक बाई धावत होती, ओरडत होती. तिलाही हात केला. हाम्बुर्ग, आजोबा, चंद्र, सगळे बरोबर ठरले होते.

पुढच्याच वळणावर वाळूचा उथळ पट्टा आला आणि तराफा त्यावर बसला. रेटलं. उतरून ढकललं. वरून नदी खाली येत होती, खालून समुद्र वर येत होता, आणि दोघांच्या मधे मी, व्याह्याच्या जाकिटात. थोड्या वेळाने समुद्राने माघार घेतली.

ती धावणारी बाई गुडघाभर पाण्यात येऊन मला घेऊन गेली. सुभागी नाव. हिंदुस्थानी घर, भाषा वेगळीच. वरणभात वाढला, कोरडी लुंगी दिली. मी नदीबद्दल विचारलं, हाताने वर जाण्याची खूण करून. तिने मान हलवली आणि हाताने खाली दाखवलं. मी वर दाखवलं. तिने खाली, खाली, खाली. मग आणखी भात वाढला.

तिचा नवरा सकाळी तराफ्याचे बांबू टोमॅटोच्या मांडवाला घेणार आहे. घेऊ दे.

१६ ऑगस्ट, शुक्रवार.

ट्रकने परत. पोत्यांवर बसून. लुंगीत.

गावात शिरताच माणसं बाहेर आली, टाळ्या वाजवल्या. विलिकेसाने पुढे येऊन मिठी मारली. तराफा आला नाही याचं कोणी नावही काढलं नाही. खानदानी माणसं आहेत.

माझा बांबू होता तिथे मोठं काम चाललं आहे. खड्डे खणतायत, खांब आणतायत. लग्नाचा मांडव, आणि तो नेमका माझ्या जागेवर. एवढा मान! मी एक-दोन सूचना केल्या: दार नदीकडे हवं, वारा खेळतो. लगेच मान्य.

तेबोरा माझ्या गळ्यात पडली. बराच वेळ. मी म्हटलं, अगं, एक रात्र तर बाहेर होतो. कातारिना लांब उभी राहून माझ्याकडे बघत होती. लग्न झाल्यापासून एकदाच तिने माझ्याकडे असं पाहिलं होतं, मी पहिला पगार आणला तेव्हा. तराफ्याची हकीकत तिला कळलेली नसावी.

उद्या लग्न. उद्यापर्यंत कोणाला तारावाचं सांगायचं नाही. पोरांना भाषणातच आनंदाचा धक्का देऊ.

१७ ऑगस्ट, शनिवार.

लग्न झालं. तेबोरा छान दिसत होती. मला रडू आलं. कारण वगैरे काही देत नाही, रडू आलं.

त्यामुळे भाषण राहिलं. उभा राहिलो, खाली बसलो. कातारिनाने बसल्या चटईचाच कोपरा पदरासारखा पुढे केला डोळे पुसायला.

मग विलिकेसा उभा राहिला. हातात देवमाशाचा दात, दोरीला बांधलेला, इथली सगळ्यात मानाची वस्तू. खूप वेळ बोलला. मधेच सगळं गाव वळून माझ्याकडे बघायचं. वाईसेआ कानाशी येऊन सांगायला लागला, बाबा, ते म्हणतायत की... मी थांबवलं. म्हटलं, मला समजलं. आमचं बोलणं झालं आहे. विलिकेसाने तो दात माझ्या हातात दिला. मी विनाका म्हटलं, म्हणजे त्यांच्या भाषेत आभार, सगळ्यांना ऐकू जाईल असं. प्रचंड टाळ्या.

मांडव काल खणला तिथे नव्हताच. लग्न चर्चच्या अंगणात झालं. मग ते खांब कसले? उद्या विचारतो.

१८ ऑगस्ट, रविवार.

विचारलं.

चर्च सुटल्यावर विलिकेसाने हाताला धरून नदीकाठी नेलं. खांब उभे झालेले. तो हाताने दाखवत गेला: इथे निजायचं, इथे चूल, इथून दार, नदीकडे. मागे अळूच्या शेताचा एक तुकडा काठ्यांनी वेगळा केलेला. सुरेख जागा. मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला आणि मी हादरलो. पोरांसाठी इथेच घर बांधतायत! म्हणजे वाळूतला करार मोडला!

वाईसेआला गाठलं. म्हटलं, मास्तर, तुमचं तारावाला येऊन राहायचं ठरलं आहे, तुझ्या वडिलांनी रडत रडत मान्य केलं आहे, मग हे काय?

वाईसेआने तेबोराकडे पाहिलं. तेबोराने आईकडे.

मग तो अगदी हळू म्हणाला, बाबा, हे आमचं घर नाही. आम्हाला शाळेची खोली आहे. हे तुमचं आहे.

मी म्हटलं, माझं?

म्हणाला, तुम्हीच मागितलंत. पहिल्याच दिवशी जुडी ठेवलीत, आणि संध्याकाळी काठावर काठी रोवलीत. इथे ज्याला घराला जागा हवी तो काठी रोवतो. वडील म्हणत होते, पाण्याच्या इतकी जवळ कशी राहणार ही माणसं, तर दुसऱ्या दिवशी तुम्हीच जागा बदललीत, आणि अगदी गावातली उत्तम जागा निवडलीत. आणि गुरुवारी तुम्ही वाळूत काढून दाखवलंत. म्हातारा, म्हातारी, घर, नदी. हात जोडलेत. वडील घरी येऊन रडले. म्हणाले, समुद्रावरचा एवढा मानी माणूस, त्याने माझ्याकडे मागितलं.

मी म्हटलं, म्हातारा?

म्हणाला, वडील तसं म्हणाले.

मी म्हटलं, आत्ताच्या आत्ता जा आणि सांग, गैरसमज झाला. तो म्हणाला, काल सगळ्या गावासमोर तुम्ही दात घेतलात, बाबा. विनाका म्हणालात. आता मी कसं सांगू? वर विलिकेसा तुळईवर चढून बसला होता. माझ्याकडे बघून ओरडला, नो प्रॉब्लेम!

तेबोरा रडत होती आणि हसत होती. म्हणाली, बाबा, मी दोन वर्षं फोनवर तेच सांगतेय. मला वाटलं तुम्ही विषय बदलता. तुम्ही तर सगळं ठरवूनच आला होता!

हो म्हटलं. ठरवूनच आलो होतो.

संध्याकाळी कातारिनाने चहा दिला, त्या खांबांमध्ये बसून. तिला सगळं खरं खरं सांगितलं. वाळूतलं चित्र, तारावा, आपलं अंगण. ती म्हणाली, मला माहीत आहे. तुमची योजना तुम्हीच निघण्याआधी सांगितली होतीत. पहिल्यांदा आयुष्यात काहीतरी बरोबर मागितलंत, तेही चुकून. आता गप्प बसा.

मी म्हटलं, आणि तिकडचं घर? पाणी येतं, पाणी जातं. माझे आजोबा...

ती म्हणाली, येतं ते मला दिसतं. दर वर्षी चुलीपाशी मीच असते. जातं किती, ते तुम्ही बघा एकदा काठी रोवून.

आपला अळूचा खड्डा आठवला. पिवळा. यंदा त्यात नवं काही उगवलेलं नाही, हे मी आत्तापर्यंत कुठे लिहिलेलं नाही. चहा प्यायलो. चांगला झाला होता. नुसता चहासारखा लागत होता.

मग मी तिला स्पष्ट बजावलं. म्हटलं, मी शब्द दिला आहे म्हणून राहतो आहे. पण कायमचं नाही. इथे, दारासमोर, या नदीला भरती येईपर्यंत. ती आली की त्याच दिवशी निघायचं, एक दिवस इकडेतिकडे होणार नाही.

ती म्हणाली, चालेल.